रिक्षाचा ब्रेक आणि घरची माणसं

जुनी रिक्षा विकत घ्यायला येणारा माणूस आधी हूड बघतो, मग टायर, मग सीट. इंजिनचा आवाज कान लावून ऐकतो. ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून बघणारा शंभरात एखादाच. मी २५ वर्षं विक्रोळी पार्कसाइटच्या टेकडीवर रिक्षा चालवतो आहे. वर चढवायला इंजिन लागतं, पण खाली उतरवतो तो ब्रेकच. मागे शाळेची पोरं बसलेली असतात, तेव्हा ही गोष्ट पायाला चांगली कळते.

आपण पेडल दाबतो तेव्हा एक दांडी मास्टर सिलिंडरमधल्या पिस्टनला ढकलते. पिस्टनवर रबरी वायसर असतात. त्यांनी कोंडलेलं तेल पाइपातून तिन्ही चाकांपर्यंत दाब नेतं आणि तिथले छोटे सिलिंडर लायनर ड्रमवर दाबतात. माझ्या मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पास्कलचा नियम आहे, तो हाच. ती वाचून दाखवायची आणि मी म्हणायचो, हे तर मी रोज पायाने करतो.

या तेलाची एक खोड आहे. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. बाटली उघडी राहिली की तेल बिघडायला लागतं. ओलावा मुरलेलं तेल लवकर उकळतं. डॉट ३ जातीचं कोरं तेल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. लांब उतारावर सारखा ब्रेक दाबून ड्रम तापले आणि तेलाची वाफ झाली, की पेडल पोकळ लागतं. वाफ दबते, दाब पुढे जात नाही. शिवाय ओलाव्याने सिलिंडरला आतून गंज चढतो. २६ जुलै २००५ च्या पुरात माझी गाडी सीटपर्यंत पाण्यात होती. पाणी उतरल्यावर मिस्त्रींनी इंजिनला हात लावण्याआधी ब्रेकचं सगळं तेल काढून टाकायला लावलं. तेव्हा मला ते जास्तीचं वाटलं होतं, आता वाटत नाही. पूर नसला तरी साधारण दोन वर्षांनी तेल बदलावं. मुंबईच्या पावसाळ्यात तर नक्कीच.

मागच्या पावसाळ्यानंतर माझ्या गाडीत वेगळाच प्रकार सुरू झाला. ब्रेक लागायचा, पण सिग्नलवर पाय दाबून धरला की पेडल हळूहळू खाली बसायचं. खाली थेंब नाही, डबीतलं तेलही तेवढंच. नाक्यावरच्या दोघांनी सांगितलं, ‘दोनदा पंप मार, चालतं.’ पंप मारल्यावर पेडल वर येऊन तसंच टिकत असेल, तर पाइपात हवा असेल किंवा लायनर ढिले असतील. पण धरल्या पायाखाली पेडल बसत जातं आणि तेल कुठेच गळत नाही, तेव्हा वायसर झिजलेला असतो आणि तेल आतल्या आत मागे सरकतं. तशा गाडीत पोरं बसवायची नाहीत. दोन दिवसांचा धंदा बुडाला. घरात त्याच आठवड्यात शाळेची फी भरायची होती. पत्नी एवढंच म्हणाली, ‘फी पुढच्या आठवड्यात भरू.’

दुकानदार म्हणाला, वायसरचं किट टाका, स्वस्तात होईल. मिस्त्रींनी सिलिंडर खोलला, स्पिरिटने पुसला आणि आत बोट फिरवलं. मग माझं बोट धरून फिरवायला लावलं. खड्डे लागले. खडबडीत सिलिंडरमध्ये नवा वायसर टाकला तर तोही थोड्याच दिवसांत कापला जातो. सिलिंडर आतून गुळगुळीत असेल तरच किट कामाचं. नाहीतर अख्खा नवाच टाकावा, तोही सीलबंद खोक्यातला. काही लोक हे भाग पेट्रोलने धुतात, तेल कमी पडलं तर इंजिन ऑइल ओततात. दोन्हींनी रबर फुगतं.

नवा सिलिंडर बसवल्यावर दांडी आणि पिस्टन यांच्यात मिस्त्रींनी किंचित मोकळीक ठेवली. ती नसेल तर तेल परत डबीत येत नाही आणि ब्रेक अडकून चाकं तापतात. मग एअर काढायची वेळ आली. मुलगी पेडलवर बसली. मिस्त्री खालून ओरडायचे, ‘दाब, बेटा. धरून ठेव!’ मग ते निपल सोडायचे, पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीत यायचे. निपल घट्ट केल्यावरच, ‘सोड.’ आधी पाय उचलला तर हवा परत आत. मी डबीत तेल ओतत होतो, कारण ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. रंगावर सांडलेला थेंब लगेच पाण्याने धुतला. हे तेल रंग खातं.

तिसऱ्या चाकाचे बुडबुडे थांबले तेव्हा मुलगी म्हणाली, ‘बाबा, आता दगडासारखं लागतंय.’ तिला तसंच मिनिटभर दाबून धरायला सांगितलं. पेडल हललं नाही. मग रिकामी गाडी घेऊन मी एकटाच उतारावर दोन फेऱ्या मारून आलो.