भोक पाडलेली टोकनं

परवा टपालाने आलेलं पाकीट उघडलं आणि पॉलिशचा वास आला. जीव खट्टू झाला. विकणाऱ्याने ॲल्युमिनियमचं टोकन घासून लखलखीत केलं होतं. एका बाजूला शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनातली इमारत, दुसऱ्या बाजूला एका बुटांच्या दुकानाचं नाव. घासण्यात पत्त्याची अक्षरं पुसट झालेली. १८८६ मध्ये विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम काढण्याची रीत सापडली, भाव कोसळले, आणि प्रदर्शनात दुकानदारांनी त्याची हलकी, चकचकीत टोकनं जाहिरात म्हणून वाटली.

माझ्याकडच्या बऱ्याच टोकनांना वर भोक आहे. कुणी घड्याळाच्या साखळीत अडकवलं असेल, कुणी पोराच्या गळ्यात. संग्राहक अशा टोकनाला ‘खराब’ म्हणतात आणि भाव पाडतात. मला याचा मनापासून राग येतो. भोक पाडलं म्हणजे कुणालातरी ते हरवू द्यायचं नव्हतं.

बाबांच्या गिरणीतल्या पितळी बिल्ल्यालाही भोक होतं. त्यात सुतळी ओवलेली, लालबागच्या खोलीत दारामागच्या खिळ्याला टांगलेला. नंबरातला आठ झिजून शून्यासारखा दिसायचा. पाळीला निघताना बाबा मागे न बघता हात घालून तो काढायचे.

प्रदर्शनाला पावणेतीन कोटींच्या आसपास लोक आले. पुलमन कंपनीचे रेल्वेचे आलिशान डबेही तिथे मांडले होते. त्याच साली मंदी आली. कंपनीने मजुरी कापली, पण कामगारांच्या घरांचं भाडं तेवढंच ठेवलं. १८९४ च्या मे महिन्यात संप झाला. जुलैमध्ये तो पेटलेला असताना प्रदर्शनाच्या बहुतेक मोठ्या इमारती आगीत गेल्या. त्या मानाने बुटांच्या दुकानदाराचं नाव चिवट निघालं.

पुलमनचं वाचताना माझं मन भाड्यापाशीच अडतं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आमच्याही खोलीचं भाडं थांबलं नव्हतं. आईने कुणालाही न सांगता बांगड्या मोडल्या. बाबा रोज सकाळी कामाचे कपडे घालून नाक्यावर जायचे, दुपारी परत यायचे. गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडलीच नाही. बिल्ला कुणी परत मागायला आलं नाही. कुणी आलं असतं, तरी बाबांनी तो दिला नसता.