सुईची नोंद

माझी उभी हयात महसूल खात्याच्या दप्तरात गेली. अव्वल कारकून म्हणून मामलेदार कचेरीतून निवृत्त होईपर्यंत आवक-जावक बारनिशी, हजेरीपट, वसुलीचे तक्ते आणि गावोगावहून येणारे गाव नमुना बाराचे उतारे यांच्या सहवासात जी बत्तीस वर्षे काढली, त्यांनी माझ्या मनावर असा एक संस्कार ठसविला, की जिची नोंद झाली ती गोष्ट घडली आणि जिची नोंद नाही ती घडलीच नाही, असे मानण्याकडे माझी बुद्धी आपोआप झुकू लागली. हा संस्कार सर्वस्वी खोटा आहे, असे मी आजही म्हणणार नाही. नोंदीवाचून राज्य चालत नाही, आणि गरिबाला तर तिच्यावाचून दादही मागता येत नाही. परंतु गेल्या आषाढात, एका पावसाळी सकाळी, नाशिकच्या इंदिरानगरातील आमच्या इमारतीच्या फाटकाशी जे घडले, त्यामुळे या संस्काराकडे पुन्हा एकदा निरखून पाहणे मला भाग पडले.

माझे बालपण भद्रकालीतल्या एका वाड्यात गेले. त्या वाड्यात कचरा असा फारसा नसेच. चुलीची राख भांडी घासायला जाई, भाजीची देठे दारातल्या गाईपुढे पडत, रद्दी आणि बाटल्या घेणारे ठरल्या वारी येत, आणि एवढे होऊन जे काही मूठभर उरे ते परसातल्या खड्ड्यात जाऊन वर्षाअखेरीस कुणाच्या तरी मळ्यात खत म्हणून पसरे. शहर वाढले, वाडे पडले, परसे गेली, आणि चौकाचौकांत कचराकुंड्या आल्या. त्या कुंड्यांच्या दुर्गंधीतून शहराला सोडविण्यासाठी, गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात, दारोदार घंटा वाजवीत फिरणारी गाडी नाशिकने सुरू केली, आणि ‘घंटागाडी’ हा शब्द इथून महाराष्ट्रभर रूढ झाला, याचा मला नाशिककर म्हणून खरोखर अभिमान वाटतो. आता त्या गाडीला जीपीएसचे यंत्र बसलेले असते. गाडी कोणत्या गल्लीत किती वाजता शिरली, कुठे किती मिनिटे थांबली आणि कोणता रस्ता चुकवून गेली, हे दूर बसलेल्या अधिकाऱ्याला पडद्यावर दिसते. हजेरीपटाची उपयुक्तता ज्याने आयुष्यभर पाहिली, त्याला ही व्यवस्था मनापासून आवडावी यात नवल नाही.

माझ्या पत्नीला मधुमेह आहे, आणि इन्सुलिनची सुई तिला दिवसातून दोन वेळा टोचून घ्यावी लागते. वापरलेली सुई वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकण्याचे काम वर्षानुवर्षे मीच करीत होतो. मला नियम ठाऊक नव्हता असे नाही. ८ एप्रिल २०१६ रोजी केंद्र सरकारने घनकचरा व्यवस्थापनाचे जे नियम जारी केले, त्यांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग प्रत्येक घराने वेगळे करावेत असे स्पष्ट म्हटले होते, आणि घातक कचऱ्याच्या व्याख्येत जुनी औषधे, बॅटरी, ट्यूबलाइट यांच्या शेजारीच वापरलेल्या सुया व सिरिंजही नोंदल्या होत्या. ही व्याख्या मी आमच्या सोसायटीच्या सभेत उभा राहून वाचून दाखविली होती. माझ्या स्वयंपाकघरापर्यंत मात्र ती पोहोचली नव्हती.

त्या सकाळी गाडीवरच्या ताईंनी आमची पिशवी हातात घेतली आणि तळाशी हात देऊन ती उचलताच त्यांनी तो झटक्याने मागे ओढला. अंगठ्याच्या बुडाशी रक्ताचा एक बारीक थेंब आला होता. त्या ओरडल्या नाहीत. “काका, सुई होती पिशवीत,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि ते सांगताना त्यांच्या आवाजात तक्रारीपेक्षा सावध चौकशीचाच भाग अधिक होता. ती सुई कुणाची, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. मी नळ सोडला, साबण दिला, आणि वाहत्या पाण्याखाली त्यांनी तो हात बराच वेळ धरून ठेवला. गाडीचा चालक घड्याळाकडे पाहत होता. एरव्ही आमच्या दारी दोन-तीन मिनिटे थांबणारी ती गाडी त्या दिवशी अकरा मिनिटे थांबली, आणि तेवढी अकरा मिनिटे यंत्राने निश्चितच टिपली असतील. त्यांत काय घडले ते टिपण्यासाठी कुठलाही रकाना नव्हता.

मी ताईंना रिक्षातून रुग्णालयात घेऊन गेलो. धनुर्वाताचे इंजेक्शन झाले, काविळीच्या लशीची चौकशी झाली, आणि डॉक्टरांनी विचारले, की सुई ज्या व्यक्तीची आहे ती तपासणीला येऊ शकेल काय. मी घरी फोन केला. पत्नीने एका शब्दाचाही प्रश्न केला नाही, अर्ध्या तासात ती स्वतः येऊन दाखल झाली, ताईंच्या शेजारी बाकावर बसली, आणि आपला दंड पुढे करून म्हणाली, “आधी माझं रक्त घ्या, म्हणजे हिचा जीव खाली पडेल.” तिचे सर्व अहवाल निर्दोष आले. ताईंची तपासणी पुढे दीड महिन्याने आणि तीन महिन्यांनी पुन्हा झाली, आणि आश्विनात शेवटचा अहवाल हाती आला तोवर आमच्या घरात कुणीही घंटेचा आवाज स्वस्थ मनाने ऐकला नाही.

दप्तरात असताना पीकपाहणीचा एक प्रश्न मला नेहमी अस्वस्थ करी. तलाठ्याने बांधावर जाऊन उभे पीक पाहावे आणि मग गाव नमुना बारात लिहावे, असा दंडक. पण कित्येक गावांत ही पाहणी चावडीत बसूनच उरकली जाई, आणि ज्या शेतात बाजरी उभी आहे त्याच्यासमोर मागच्या वर्षीचाच गहू लिहिलेला आढळे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, आणि शेतकरी स्वतः आपल्या शेतात उभा राहून पिकाचे छायाचित्र फोनवरून पाठवू लागला. मला त्यातले यंत्र जितके महत्त्वाचे वाटले, त्याहून नोंद करणाऱ्याची जागा अधिक महत्त्वाची वाटली: जो त्या वस्तूच्या पुढ्यात उभा आहे तोच तिच्याविषयी लिहितो. आमच्या कचऱ्याच्या पुढ्यात कोण उभे असते? मी नसतो, मी गाठ मारून मोकळा होतो. त्याच्या पुढ्यात ताई असतात, आणि त्यांच्याजवळ लिहायला काहीच नसते.

हा विचार डोक्यात घेऊनच मी पाथर्डी शिवारातील महापालिकेचा खतप्रकल्प पाहून आलो. गाडी काट्यावर चढते, वजनाचा आकडा संगणकात जातो, गाडी रिकामी होऊन पुन्हा काट्यावर येते, आणि वजाबाकीने कचऱ्याचे वजन ठरते. त्या वजनात नारळाची करवंटी, तुटकी चप्पल आणि माझी सुई यांना एकच मोल. त्याच परिसरात जर्मन सहकार्याने उभारलेला आणि २०१७ मध्ये सुरू झालेला वीजनिर्मितीचा प्रकल्प आहे. स्वयंपाकघरांतला ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांतला मैला एकत्र कुजवून त्यातून वायू काढावा आणि त्या वायूवर वीज करावी, अशी ती तजवीज असून दररोज सुमारे ३० टन कच्चा माल घेण्याच्या हिशेबाने त्याची आखणी झालेली आहे. अशा बंद टाकीत जिवाणू काम करतात आणि त्यांना प्लास्टिक पचत नाही, एवढे समजले तरी वर्गीकरणाचे सारे महत्त्व ध्यानात येते. घराच्या ओट्यावर जे वेगळे झाले नाही ते पुढे कुणाच्या तरी बोटांनीच वेगळे करावे लागते.

दिवाळीच्या सुटीत आम्ही मुलीकडे दिल्लीला गेलो, आणि आमच्यासोबत आलेल्या, नववीत शिकणाऱ्या नातवाला घेऊन मी राजघाटाजवळच्या गांधी स्मृती व दर्शन समितीच्या आवारातले राष्ट्रीय स्वच्छता केंद्र पाहिले. चंपारण सत्याग्रहाच्या शताब्दीनिमित्त १० एप्रिल २०१७ रोजी त्याची घोषणा झाली आणि ८ ऑगस्ट २०२० रोजी ते उघडले. एका दालनात चहूबाजूंनी वेढणारा चित्रपट आहे. दुसऱ्या दालनात स्पर्शाने जागे होणारे पडदे, प्रकाशातून साकारणाऱ्या आकृती आणि खेळ आहेत. मुले तिथे रमतात. माझा नातू तर मला विसरलाच. साधी माहिती बोटाच्या टोकावर आली की मुलाच्या मनात ती किती सहज उतरते, हे मी तिथे प्रत्यक्ष पाहिले, आणि दप्तरी भाषेत सभेपुढे नियम वाचून दाखविणाऱ्या माझ्यासारख्याची पद्धत किती अपुरी होती तेही कळले. परतीच्या वाटेवर नातू म्हणाला, “आजोबा, हे काही अवघड नाही. क्यूआर कोड लावला की वस्तूसुद्धा बोलते. फक्त ती काय बोलणार ते आपल्याला ठरवावं लागेल.” मी त्याला म्हणालो, की ते आपण ठरवायचे नाही.

पौष महिन्यात एका रविवारी ताई आमच्याकडे चहाला आल्या. नातवाने ध्वनिमुद्रण सुरू करून फोन टेबलावर ठेवला आणि एकेक वस्तू त्यांच्यापुढे मांडली. सुरुवातीला त्या संकोचल्या, मग पत्नीने तीच वस्तू हातात धरून काहीबाही विचारले, आणि मग त्या बोलू लागल्या. दुधाच्या पिशवीविषयी त्या म्हणाल्या, “कोपरा सुटा कापू नका. पिशवी विकली जाते, तो तुकडा कुणालाच वेचता येत नाही.” लहान मुलाच्या डायपरविषयी म्हणाल्या, “कागदात बांधून वेगळं द्या. ओल्यात आलं की अख्खी बादली हातानं उपसावी लागते.” फुटक्या पेल्याविषयी म्हणाल्या, “काच पुठ्ठ्यात घाला आणि वर लिहा. मला वाचता येतं.” सुईपाशी त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “घट्ट झाकणाची बरणी घ्या. भरली की माझ्या हातात द्या, पिशवीत टाकू नका.” माझ्या सगळ्या सरकारी लिखाणात इतके नेमके वाक्य मी एकदाही लिहिलेले नाही.

२६ जानेवारीला झेंडावंदनानंतर सोसायटीच्या वाहनतळात आम्ही दोन बाके जोडून या वस्तूंचे प्रदर्शन मांडले. वस्तू खऱ्या होत्या, आमच्याच घरांतल्या, धुऊन पुसून ठेवलेल्या. प्रत्येकीपुढे एक चौकोनी कोड, आणि फोन धरला की ताईंचा आवाज. मागे हिरवी, निळी आणि काळी अशा तीन बादल्या. ऐकायचे आणि वस्तू उचलून योग्य बादलीत ठेवायची, एवढाच खेळ. मुले आधी आली, मग त्यांच्या आया आल्या, आणि काही वेळाने, ज्या गृहस्थांनी सभेत माझे नियमवाचन चालू असताना घड्याळ पाहिले होते, तेही बरणीपुढे बराच वेळ उभे राहिलेले मला दिसले. त्यांच्या आईलाही इन्सुलिन चालू आहे, हे मला त्या दिवशी कळले.

ताई दहाच्या सुमारास आल्या. गाडी फाटकाशी उभी होती. चालकही उतरून आत आला. नातवाने त्यांच्या हातात फोन दिला आणि त्या एकेका वस्तूपुढे थांबून स्वतःचाच आवाज शेवटपर्यंत ऐकत गेल्या. चेहऱ्यावर हसू नव्हते; नोंद बिनचूक उतरली आहे की नाही हे तपासणाऱ्या माणसाची एकाग्रता मात्र होती. शेवटच्या वस्तूपाशी येऊन त्यांनी बाकाच्या रिकाम्या टोकाकडे पाहिले, आणि मग आपला उजवा हात उलटा करून तर्जनीच्या पेरावरची एक ताजी, लालसर, केसाएवढी बारीक रेघ मला दाखविली. संक्रांत होऊन बाराच दिवस झाले होते.

“काका, मांजाचं राहिलं,” त्या म्हणाल्या.

नातवाने फोन परत घेतला, ध्वनिमुद्रण सुरू केले, आणि त्यांच्यासमोर धरला. बाहेर चालकाने गाडीची घंटा एकदा वाजविली. ताईंनी हात वर करून त्याला थांबण्याची खूण केली आणि त्या बोलू लागल्या.