उडणं वेगळं, जाणं वेगळं

होस्टेलवर आलेल्या प्रत्येक एफईवाल्याला कुणीतरी सांगतंच, "आता तू घरट्यातून उडालास!" असं म्हणणाऱ्यांनी घरटं कधी नीट पाहिलेलं नसावं. मी पाहिलंय. २०२४ च्या पीएलमध्ये, पुणतांब्याला, आमच्या गच्चीवरून.

आमचं गाव गोदाकाठचं. चांगदेव महाराजांची समाधी आणि शिर्डीचा फाटा फुटणारं रेल्वे स्टेशन ही त्याची जुनी ओळख. २०१७ च्या शेतकरी संपाने तीत भर घातली. घरामागच्या पिंपळावर घारीचं घरटं होतं. काटक्या, चिंध्या, तारेचे तुकडे, आणि आत दोन पिल्लं. नर भक्ष्य आणायचा, मादी पहारा द्यायची. आई पापड वाळत घालायला वर आली की तिच्या डोक्यावरून झेप ठरलेली!

पिल्लांना उडायला कुणी शिकवत नाही, हे पहिलं आश्चर्य. ती घरट्याच्या काठावर वाऱ्याकडे तोंड करून नुसते पंख मारत राहतात. मग पाय जरासे सुटतात. मग शेजारच्या फांदीवर उडी. अंड्यातून निघाल्यावर साधारण सहा-सात आठवड्यांनी पहिली झेप. आमच्या थोरल्याने ती घेतली आणि थेट शेजाऱ्यांच्या पत्र्यावर आदळला. लँडिंगमध्ये चक्क केटी! धाकटं त्यानंतर तीन दिवस फांदी सोडायला तयार नव्हतं.

खरी गंमत पुढेच. उडता आलं तरी दोघं संध्याकाळी खायला परत हजर! घारीची पिल्लं असं कित्येक दिवस करतात. शनिवारी घरी जाऊन सोमवारी चिवड्याचा डबा घेऊन येणारे आपण तरी वेगळं काय करतो?

ही सवलत सगळ्यांना नसते. आमच्या वरच्या अंगाला, गोदावरीवरच, नांदूर मधमेश्वर आहे; २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलेलं. तिथे हिवाळ्यात मासे पकडणारा ऑस्प्रे उत्तरेकडून येतो. त्याची पिल्लं पहिला लांबचा प्रवास आईबापांशिवाय करतात. रस्ता दाखवायला कुणी नाही.

हे सगळं मी गच्चीवर धाकट्या बहिणीला सांगत होतो. आजी ऐकत होती. बहिणीला बारावीनंतर पुण्याला शिकायचं होतं आणि त्यावरून घरात महिनाभर अबोला होता. "पोरगी एकदा गेली की गेली," हे आजीचं म्हणणं. त्या संध्याकाळी मात्र ती काहीच बोलली नाही. धाकटं पिल्लू फांदीवर परत येऊन बसेपर्यंत मान वर करून उभी राहिली.

रात्री जेवताना मला म्हणाली, "काय रे, होस्टेलात गादी देत्यात का घरून न्यावी लागती?"

बहिणीने ताटातून मान वर केली नाही. भाकरी मात्र आणखी एक घेतली.

गादी घरूनच न्यावी लागली. कापूस आजीने समोर बसून पिंजून घेतला.