गवताचे गोळे

आपल्याकडे गवत म्हटले की म्हैस आठवते, नाहीतर गंजी. गवत वाढावे म्हणून खत घालायचे, वाढले की ते कापायचे आणि कापून तिथेच टाकून द्यायचे, हा उद्योग शहाणी माणसे करतात यावर माझा विश्वास बसला नसता. पण २०२३ च्या सुट्टीत मामींच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या निमित्ताने आई आणि मी अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबस शहराबाहेर मामांकडे दीड महिना राहिलो, आणि मी इतिहासाची विद्यार्थिनी चक्क गवतकापणीच्या यंत्रात पारंगत होऊन परतले!

मामांचे अंगण एक एकराचे. तिथे ते ढकलायच्या यंत्राने कापू म्हटले तर रविवार पुरायचा नाही. म्हणून मामांकडे वर बसून चालवायचे यंत्र आहे. दिसायला खेळण्यातल्या ट्रॅक्टरसारखे. त्याच्या पोटाखाली उपड्या परातीसारखा लोखंडी टोप असतो. त्याला 'डेक' म्हणतात. टोपात दोन पाती गरगर फिरतात. गवत कापायचे पहिले यंत्र इंग्लंडमधल्या स्ट्राउड गावच्या एडविन बडिंगने १८३० साली केले, तेही लोकरी कापडाची लव कातरणाऱ्या यंत्रावरून सुचून. त्याचे पाते रुळासारखे फिरे आणि माणूस मागून ढकलत जाई. ते बिचारे सभ्य यंत्र होते. मामांचे तसे नव्हते.

मे महिन्यात तिकडे पाऊस आणि ऊन आलटून पालटून येते. गवत नुसते फोफावते. मामा यंत्र फिरवून आले की मागे हिरव्या शेणासारखे गोळे पडलेले. दोन दिवसांनी त्यांच्याखालचे गवत पिवळे. मामा दंताळ्याने गोळे पसरत बसत आणि कंबर धरून आत येत. मामी पलंगावरून म्हणायच्या, "अहो, म्हैस तरी घ्या एक!"

गोळे का होतात हे मामांनी मला समजावले. ते इंजिनिअर, त्यामुळे समजावल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. पात्याची मागची कड पंख्यासारखी वर वळवलेली असते. ती वारा ओढते. त्या वाऱ्याने गवत ताठ उभे राहते, कापले जाते आणि बाजूच्या तोंडातून बाहेर उडते. गवत ओले असले की ते टोपाला आतून चिकटते. त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. वाऱ्याची वाट अरुंद होते आणि शेवटी सगळे एकदम खाली पडते. त्यात मामांनी बाहेरचे तोंड झाकण घालून बंद केले होते, म्हणजे गवत आतल्या आत बारीक चुरा होऊन खत व्हावे. कोरड्या गवताला हे उत्तम. मे महिन्यातल्या गवताला नाही.

झाकण काढायचे ठरले. तेवढ्यात मामांचे एक स्नेही आले आणि त्यांनी पुढचा सल्ला दिला. बाहेरच्या तोंडावर प्लास्टिकची एक पडवी असते, स्प्रिंगने खाली दाबलेली. ती तारेने वर बांधून टाक, गवत लांब उडेल आणि गोळ्यांचे नाव नको. ते स्वतः तसेच करत होते. मामांना पटले. तार हातात घेऊन ते बाहेर निघालेसुद्धा.

मी पुस्तिका वाचत होते. तिथल्या सुरक्षा मानकाप्रमाणे पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांच्या वर जाता कामा नये. मी कागदावर हिशेब केला. ताशी जवळजवळ ३४७ किलोमीटर. ही मर्यादा झाली! गवतात दडलेला खडा त्या पात्याला लागला तर ती पडवीच त्याला जमिनीकडे वळवते. मी एवढेच विचारले, "मामा, पडवी वर बांधली तर खडा कुठे जाईल?" मामा काही बोलले नाहीत. मामी आतून म्हणाल्या, "त्याच बाजूला शेजारचं पोर झोका घेतं."

मामांनी तार खिळ्याला अडकवली. मग थोड्या वेळाने आपणहून सांगू लागले. त्यांच्या लहानपणी गावी कडबाकुट्टी होती. गड्याने अडकलेला कडबा हाताने ढकलला आणि दोन बोटे गेली. "गडी अडाणी नव्हता गं," मामा म्हणाले, "त्याला घाई होती."

यंत्रात बदल मात्र आम्ही केला. आधी किल्ली काढली, इंजिनाच्या ठिणगीची तार सोडली, बॅटरीही सोडली. जॅकवर उचललेल्या यंत्राखाली शिरायचे नाही म्हणून सगळा टोपच बाहेर ओढून घेतला. जाड हातमोजे घालून, पाते लाकडाच्या ठोकळ्याने अडवून नट सोडले. आतला वाळलेला थर मामांनी लाकडी पट्टीने खरवडला. तो दोन बोटे जाड निघाला. मग गंज घासून पत्रा गुळगुळीत केला आणि ग्राफाइटचा रंग पातळ पातळ तीन वेळा दिला, प्रत्येक हात वाळू देऊन. जुनी पाती काढून त्याच यंत्रासाठी कंपनीने नेमून दिलेली, जास्त वारा ओढणारी पाती बसवली आणि नट पुस्तिकेत दिलेल्या जोराने आवळले. टोपाला एकही भोक पाडले नाही, कड कापली नाही. चालकाने आसन सोडताच यंत्र बंद करणारी कळ असते. खड्ड्यात आदळून ती कधी कधी उगाच यंत्र बंद पाडते म्हणून काही लोक ती तोडतात. मामांनी तिला हात लावला नाही.

बाकीचे उपाय ऐकायला अगदी नीरस आहेत. सकाळचे दव जाऊ द्यावे. एका वेळी पात्याच्या उंचीचा तिसरा हिस्साच कापावा. इंजिन पूर्ण वेगाने आणि यंत्र सावकाश चालवावे. मामांना यातले सावकाश चालवणे सर्वांत जड गेले.

पुढच्या शनिवारी सबंध एकरात मला सात गोळे सापडले, तेही उताराच्या सखल ओल्या कोपऱ्यात. मी मोजत हिंडत होते आणि मामा खुर्चीत बसून, अगदी निकालाच्या दिवशी बसतात तसे, बघत होते. रंग ऑगस्टपर्यंत पात्यांच्या समोरच्या भागात खरवडून गेला, असे त्यांनी नंतर फोनवर कळवले. त्यांनी पुन्हा एक हात दिला. त्यांचे स्नेही अजून तारच वापरतात. मामी त्यांना जेवायला बोलावतात. पण ते गवत कापत असले की त्या शेजारच्या मुलाला खाऊच्या निमित्ताने आपल्या घरात बोलावून घेतात.