पाहुणी भाषा

धाराशिव जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला उमरगा तालुका आहे. कर्नाटकाची सीमा तेथून जवळच. या भागातील बाजारात मराठीबरोबर कानडी ऐकू येते, दखनी उर्दू ऐकू येते, आणि तांड्यावरून आलेल्या बायाबापड्यांच्या तोंडी गोरमाटी असते. दुकानदार एका गिऱ्हाइकाशी एक भाषा बोलतो, दुसऱ्याशी दुसरी. त्यात त्याला काही विशेष वाटत नाही.

बाजारात जे इतके सहज घडते, ते शाळेत मात्र तितके सहज घडत नाही. बाजारात भाषा कळली नाही तर बोटांनी भाव सांगता येतो. वर्गात ती कळली नाही तर ज्ञानाचे दारच बंद होते. म्हणून परकी भाषा घेऊन वर्गात येणाऱ्या शिक्षकाची जबाबदारी मोठी असते. तो ती भाषा पाहुणी म्हणून आणतो की धनीण म्हणून, यावर मुलांचे सुखदुःख अवलंबून राहते.

जपानमध्ये मात्सुए नावाचे एक जुने शहर आहे. सरोवराच्या काठी वसलेले, मध्यभागी किल्ला असलेले. तेथील शाळेत १८९० साली लाफ्कादिओ हर्न नावाचे गृहस्थ इंग्रजी शिकवावयास आले. त्यांचे वडील आयरिश, आई ग्रीक. बालपणीच मायबापांचे छत्र हरपले होते, आणि एका अपघातात एक डोळाही गेला होता. जपानी भाषा त्यांना येत नव्हती.

वर्गात पाऊल ठेवताच सारी मुले उठून वाकून नमस्कार करीत आणि हर्नही तितक्याच नम्रतेने वाकत. जे तोंडाने सांगून कळत नसे, ते फळ्यावर लिहून दाखवावे लागे. ते मुलांना चंद्रासारख्या साध्या विषयांवर इंग्रजीत निबंध लिहावयास सांगत. त्या मोडक्यातोडक्या वाक्यांतून शिक्षकाला मुलांचे मन दिसे. मुले त्यांच्या घरी येत आणि आपल्या घराण्यातील जपून ठेवलेल्या वस्तू मोठ्या अभिमानाने त्यांना दाखवीत. अशा वेळी मुले गुरू होत आणि गुरुजी विद्यार्थी होत.

त्या वर्षी त्यांचा एक हुशार विद्यार्थी आजाराने अंथरुणास खिळला. जाण्यापूर्वी एकदा शाळा डोळ्यांनी पाहावी, एवढीच त्याची इच्छा होती. घरच्या म्हाताऱ्या सेवकाने त्याला पाठीवर घेतले आणि रात्रीच्या अंधारात शाळेपर्यंत नेले. आपल्या वर्गाच्या खिडक्या डोळे भरून पाहून तो मुलगा परतला. पुढे लवकरच त्याचे निधन झाले. हर्न यांनी ही हकीकत आपल्या दैनंदिनीत लिहून ठेवली आणि १८९४ साली ग्रंथरूपाने जगापुढे ठेवली. ज्या शाळेसाठी मरणोन्मुख मुलाचा जीव तळमळतो, ती शाळा त्याला परकी वाटत नसली पाहिजे. मात्सुएच्या शाळेत इंग्रजी शिकवली जात असे. परंतु गणित, इतिहास आदी विषय जपानी शिक्षक जपानीतूनच शिकवीत. इंग्रजी तेथे पाहुणी होती. घर जपानीचेच होते.

धाराशिवचा अनुभव निराळा होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून धाराशिवास उस्मानाबाद म्हणत. २०२३ साली जुने नाव पुन्हा अधिकृत झाले. संस्थानची राजभाषा उर्दू होती. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. विज्ञान आणि वैद्यकही देशी भाषेतून शिकवता येते, हे त्याने उर्दूच्या द्वारे दाखवून दिले. ही गोष्ट खचितच मोठी होती. परंतु संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी किंवा कानडी बोलत होती, आणि वरच्या इयत्तांतील शिक्षणही उर्दूतूनच होते. तेरणा नदी ज्याच्या शेताजवळून वाहे, त्या मुलालाही नद्यांची माहिती उर्दूत पाठ करावी लागे. उत्तर ठाऊक असूनही शब्दासाठी अडून तो गप्प बसे.

यात दोष उर्दूचा नव्हता. ती गोड आणि समृद्ध भाषा आहे. दप्तर, शाई, कागद, हजेरी हे शाळेतील रोजचे शब्द मराठीने फारसीपासूनच घेतले आहेत. दोष होता तो पाहुणीला घराची धनीण करण्याचा.

यावर उपाय करणारे लोकही याच मातीत पुढे आले. आज लोहारा तालुक्यात असलेल्या हिप्परगा या खेड्यात १९२१ साली एक राष्ट्रीय शाळा निघाली. तेथे मुले मराठीतून शिकू लागली. १९२९ साली व्यंकटेश खेडगीकर तेथे मुख्याध्यापक म्हणून आले. त्यांनी संस्थानाबाहेर, सोलापूर आणि पुणे येथे शिक्षण घेतले होते आणि कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केले होते. शहरातील मोठी कामे सोडून हा विद्वान एका खेड्यातील मुलांमध्ये येऊन राहिला. हिप्परग्यास असतानाच त्यांनी संन्यास घेतला. हेच पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ. मराठीतून शिकवणाऱ्या या गुरुजींचे इतर भाषांशी वैर मात्र नव्हते. मुक्तिसंग्रामाच्या आपल्या आठवणी त्यांनी इंग्रजीत लिहिल्या. त्या १९६७ साली प्रसिद्ध झाल्या.

जपानने १९८७ साली एक योजना सुरू केली. तिच्यानुसार निरनिराळ्या देशांतील तरुण आजही तेथील शाळांत इंग्रजी शिकवण्यास साहाय्य करतात. परक्या शहरात त्यांना दुकानावरची पाटी वाचण्यापासून शेजाऱ्याला नमस्कार करण्यापर्यंत सारेच नव्याने शिकावे लागते. इकडे दुसऱ्या जिल्ह्यातून तांड्यावरच्या शाळेत बदलून आलेल्या शिक्षकाचीही हीच स्थिती असते. पहिलीतले मूल पाणी मागते, ते गोरमाटीत. ते त्याला कळले नाही तर मूल तहानलेलेच राहते. म्हणून चांगला शिक्षक आधी मुलांची नावे नीट उच्चारावयास शिकतो, मग त्यांचे चार शब्द शिकतो, आणि त्यानंतरच आपली भाषा त्यांच्यापुढे ठेवतो. मूल ती आनंदाने उचलते, कारण तिच्यासाठी आपली भाषा सोडावी लागणार नाही, हे त्याला कळलेले असते.