दोष खेळाचा नव्हता

हा अनुभव घरातल्या एका चुकीचा आहे आणि ती चूक माझी आहे.

माझ्या मुलाने दोन वर्षे सकाळी घरोघर पेपर टाकून पैसे साठवले. त्यात मी थोडी भर घातली आणि २०२२ साली आम्ही एक जुना कॉम्प्युटर घेतला. संध्याकाळी अभ्यास आणि रात्री तासभर गेम, असा त्याचा नेम. गेमचे नाव काढले की माझे डोके फिरायचे.

२०२३ च्या मे महिन्यात मशीन बिघडले. गेम लावला की दहा मिनिटांत चित्र अडखळायचे, पंखा घोंघावायचा आणि मशीन आपोआप बंद पडायचे. पाहुण्यांसमोर मी पोराला बोललो, "खेळून खेळून जाळलास ना शेवटी!" तो गप्प राहिला. त्या दिवसापासून त्याने मशीनला हात लावला नाही.

एका दुकानदाराने ते न उघडताच सांगितले, "प्रोसेसर गेला. नवीन टाका, सहा हजार होतील." मी मान हलवून घरी आलो. सौ. म्हणाली, "अहो, तुमच्या वर्कशॉपमध्ये गाडी गरम झाली की लगेच इंजिन बदलता का?"

मी बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर आहे. गाडी तापली की आम्ही आधी पाणी, पट्टा आणि रेडिएटरची जाळी बघतो. मग घरी मी हे का विसरलो?

रविवारी मुलाला म्हटले, "बाळा, चल, दोघं मिळून उघडू." मशीन सुरू होताना त्याने बायोसचा पडदा उघडून दाखवला. तिथे प्रोसेसरचे तापमान दिसते. गेम चालू नसतानाही आकडा ८८ अंश होता! आमच्या इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास. ती गाठली की तो आधी वेग कमी करतो आणि तरीही ताप उतरला नाही तर मशीन बंद होते. म्हणजे ते जळाले नव्हते, स्वतःला वाचवत होते.

मग वायर काढली, लोखंडी कपाटाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली आणि झाकण उघडले. आमची एकच खोली, शेजारी स्टोव्ह. फोडणीचा तेलकट धूर आणि धूळ मिळून पंख्याखालच्या पात्यांवर जाड थर बसला होता. मुलाने बोट दाखवले, "पप्पा, हे बघा." पंखा बोर्डावर चार प्लास्टिकच्या खिळ्यांनी बसतो. त्यातला एक निसटून वर आला होता. पंखा एका बाजूने उचललेला, मग उष्णता जाणार कुठून?

मला आठवले. घराला रंग देताना मीच तो डबा खांद्यावरून उतरवून धाडकन ठेवला होता. वर कॉटखाली, भिंतीला चिकटवून ठेवला आणि पुढे चादर सोडली.

मुलाने लॅमिंग्टन रोडवरून थर्मल पेस्टची छोटी ट्यूब आणली. प्रोसेसर आणि पंख्याखालचा धातू यांच्यात बारीक फटी राहतात. हवा उष्णता नीट वाहून नेत नाही, म्हणून ही पेस्ट त्या फटी भरते. जुनी पेस्ट सुकून खडूसारखी झाली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि मधोमध वाटाण्याएवढी नवी लावली. जास्त लावून फायदा नाही. ब्रशने धूळ काढताना पंखा बोटाने धरून ठेवला. खिळे समोरासमोरचे तिरपे दाबून बसवले, टक् असा आवाज होईपर्यंत. पंख्याची वायर जागेवर लावली.

आता बायोसमध्ये आकडा ४३ झाला. गेम लावल्यावरही ७० च्या वर गेला नाही. खर्च तीनशे रुपयांच्या आत. मशीन आता टेबलावर असते, मागे वीतभर जागा सोडून.

पुढच्या रविवारी तेच पाहुणे आले. त्यांच्यासमोरच मी म्हणालो, "पोराची चूक नव्हती, माझी होती." पोराने मान खाली घातली, पण तो हसत होता. त्या रात्री त्याने मला गेम शिकवायला घेतला. मी तीनदा हरलो.

घरात काही बिघडले तर आधी झाकण उघडून कारण शोधा. पोराला बोलायचे ते त्यानंतर.