एक सूत इकडे, एक सूत तिकडे

हाताने बांधलेल्या गाडीत डॅशबोर्ड अगदी शेवटी बसतो, आणि आधीच्या सगळ्या कामाचा हिशेब तोच मांडतो. वेल्डिंग करताना एखादा पाइप किंचित ओढला गेलेला असतो, दोन बाजूंचे पत्रे एका उंचीला आलेले नसतात, काचेची चौकट जराशी कललेली असते. तोवर हे कुणाच्या नजरेत भरत नाही. मग या सगळ्याच्या मधोमध एक सरळ आडवी फळी येते आणि जे जे वाकडं आहे ते उघडं पडतं. कारखान्यात साचे असतात, त्यामुळे लाखावी गाडीही पहिलीसारखीच निघते. घरी बांधणाऱ्याजवळ मेजर टेप, गुण्या, कानस आणि स्वतःचा डोळा, एवढंच भांडवल.

भिवंडीजवळच्या टेमघरचं नाव बाहेरच्यांनी ऐकलेलं असतं ते पाण्यामुळे. शहाडला उल्हास नदीतून उचललेलं पाणी इथे शुद्ध होतं आणि ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरच्या नळांना जातं. आत गल्ल्यांमध्ये मात्र यंत्रमागांची खडखड. त्यांतल्याच एका बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये माझ्या पुतण्याने दोन माणसांची उघडी गाडी बांधायला घेतली. चौकोनी पाइपची चेसिस, सीटच्या मागे मारुती 800 चं 796 सीसीचं इंजिन, पुढे फक्त पेट्रोलची टाकी आणि पाय. मदतीला शेजारचे जॉबरमामा. जॉबर म्हणजे माग लावणारा, दुरुस्त करणारा माणूस. मागाचे रूळ एकमेकांना समांतर नसतील तर कापड एका बाजूला सैल आणि दुसरीकडे ताठ येतं. ती समांतरता राखण्यात मामांची हयात गेली.

पुतण्याने डॅशबोर्डसाठी बारा मिलिमीटरचा प्लाय आणला आणि त्यावर पाणसळ ठेवली. मामा म्हणाले, "अरे, ही जमीन मोरीकडे उतरती आहे. तुझी पाणसळ पृथ्वीची खबर सांगेल, गाडीची नाही." त्यांनी कोनावरचं सूत काढलं, चेसिसच्या मागच्या आडव्या पाइपचा मध्य काढून तिथे गाठ मारली आणि पुढच्या मध्यापर्यंत ते ताणलं. ती झाली गाडीची मध्यरेषा. त्यानंतरचं प्रत्येक माप त्या सुतापासून. प्लायला लगेच करवत लागली नाही. आधी सुताच्या कोनांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, आत धरून पाहिला, पेन्सिलने कडा उतरवली, पुन्हा कापला. पुठ्ठ्यात चूक झाली तर दुसरा पुठ्ठा मिळतो.

पुठ्ठ्यानेच खरी गोष्ट सांगितली. काचेची चौकट चेसिसला समांतर नव्हती, डावीकडे ती दोन सूत खाली होती. दोन सूत म्हणजे पाव इंच. आता डॅशबोर्ड कुणाला समांतर ठेवायचा? चेसिसला ठेवला तर मोजमाप बरोबर, पण काचेखालची फट एका टोकाला बोटभर आणि दुसऱ्या टोकाला अर्धं बोट दिसणार. काचेला ठेवला तर मीटर कललेले. मामांनी टेप गुंडाळली आणि पुतण्याला म्हणाले, "बस आधी गाडीत. स्टिअरिंग धर. काय दिसतंय ते सांग."

तो बसला, आणि उत्तर तिथूनच निघालं. बसलेल्या माणसाला चेसिस दिसतच नाही. त्याला दिसते ती डॅशबोर्डची वरची कड आणि तिच्या वितभर पुढची काचेची खालची पट्टी. म्हणून दोन सुतांची वाटणी झाली. एक सूत फळीने घेतलं, एक सूत रेक्झिनच्या गोल वळवलेल्या कडेने गिळलं. मीटरची भोकं मात्र स्टिअरिंगच्या मध्यापासून आखली, कारण हात आणि डोळा तिथेच असतात. हाताच्या कामात चूक शून्य होत नाही. ती कुठे ठेवायची हे ठरवता येतं, आणि ते ठरवताना आत बसणाऱ्या माणसाकडे पाहायचं असतं.

पुढचं कामही तसंच, माणसाकडे पाहत झालं. लहान मीटरला 52 मिलिमीटरचं भोक लागतं. ते पाडण्याआधी स्टिअरिंगची कडी कुठला मीटर झाकते ते पाहिलं आणि ऑइल प्रेशरचा मीटर त्या सावलीतून बाहेर काढला. शर्यतीच्या गाड्यांतली एक जुनी रीत मामांना फार आवडली: मीटर थोडा फिरवून बसवायचा, म्हणजे सगळं ठीक असताना काटा सरळ वर उभा राहतो. आकडा वाचावा लागत नाही, काटा कलला की कळतं. लाकडी फळीतून अर्थिंग मिळत नाही, म्हणून प्रत्येक मीटरला अर्थची वेगळी वायर दिली. वायरी हातभर जास्त ठेवल्या. उद्या काही बिघडलं तर चार स्क्रू काढून सगळा डॅशबोर्ड मांडीवर घेता यावा.

आपल्याकडे मोटारधंद्याची सुरुवातच अशा जुळवणीतून झाली. 1928 पासून मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स सुट्या भागांतून गाड्या जुळवत असे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तीही आधी परदेशी गाड्यांची जुळवणीच करत होती. इंग्लंडात 1957 मध्ये लोटस सेव्हन आली. तयार गाडीवर खरेदी-कर होता, सुट्या भागांवर नव्हता, म्हणून लोकांनी ती घरच्या गॅरेजमध्ये जुळवली. आणि त्याच्याही आधी, 1940 च्या दशकात, इचलकरंजीच्या शंकरराव कुळकर्णींनी सामान्य माणसाला परवडेल अशी 'मीरा' नावाची छोटी गाडी बांधायला घेतली होती. वर्षानुवर्षं ते नवे नमुने करत राहिले. पण ती गाडी कारखान्यातून बाजारात कधी आली नाही.

अलीकडचं नाव सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांचं. त्यांनी मुलाच्या हौसेसाठी टाकाऊ भागांतून किक मारून सुरू होणारी छोटी जीप केली. 2021 च्या डिसेंबरात उद्योगपती आनंद महिंद्र यांनी ती देशाला दाखवली. ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल, हेही त्यांनी लिहिलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. पुढच्या महिन्यात लोहार कुटुंबाने ती घेतली. सन्मान झाला याचा आनंदच आहे. पण लोहारांची गाडी रस्त्यावर राहिली नाही.

अडचण कुठे आहे ते स्पष्ट आहे. आपले मोटार नियम गाडीचा नमुना तपासतात. नियम 126 प्रमाणे कारखाना एक नमुना चाचणी संस्थेकडे नेतो, तो मंजूर झाला की तशा हजारो गाड्या निघतात. एकच गाडी बांधणाऱ्यासाठी हा रस्ता आखलेलाच नाही. इंग्लंडात घरी बांधलेली गाडी एकेक करून तपासतात. तपासनीस 165 मिलिमीटर व्यासाचा गोळा घेऊन बघतो की डोकं आपटेल तिथे कुठली कड धारदार तर नाही. डॅशबोर्डच्या खालच्या कडेची गोलाई निदान 19 मिलिमीटर असावी लागते, कारण धडकेत गुडघा तिथे जातो. म्हणजे तो कायदाही जॉबरमामांसारखाच, आत बसणाऱ्या माणसापासून मोजायला लागतो.

पुतण्याने रेक्झिनच्या आत फोमची गुंडाळी घालून खालची कड तेवढी गोल केली आहे. आपल्याकडे कुणी तपासायला येणार नसताना. ही गाडी टेमघरच्या रस्त्यावर उतरणार नाही, शेडच्या आवारातच फिरेल, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने आज तेच योग्य आहे. पण गाडी बांधणारी ही माणसं तपासणी टाळू पाहत नाहीत, त्यांना ती हवी आहे. पुण्यात 1966 पासून एआरएआयसारखी वाहन-चाचणी संस्था उभी आहे, ज्ञान आहे, यंत्रं आहेत. एका माणसाने बांधलेली एक गाडी परवडेल अशा फीमध्ये, कडक नियमांनी तपासणारी एक खिडकी सरकारने तिथे उघडावी. नापास करायची तर नापास करा, पण कशामुळे ते सांगा. ते दुरुस्त करून पुन्हा येणारे हात या राज्यात गावोगाव आहेत.